गुडघ्याएवढी शेवंती

६ एप्रिल

प्रिय आत्या,

पोहोचले, जेवते, झोपते. या तीन गोष्टी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

खोलीला एकच खिडकी आहे आणि ती बस आगाराकडे उघडते. पहिली गाडी सुरू झाली की भिंतीवरचा आरसा थरथरतो आणि मी उठते. काम समोरच, आगारातल्या बागेचं. बाग म्हणजे फलाटाला लागून असलेला एक लांबलचक वाफा. त्याच्या एका टोकाला पासची खिडकी आणि दुसऱ्या टोकाला गाड्या धुवायचा हौद. प्रवासी वाफ्यासमोरच्या बाकांवर बसतात आणि घड्याळाकडे बघतात, कारण बघायला दुसरं काही नाही.

आत्ता वाफ्यात माझ्या आधीच्या माळ्याने लावलेली थोडी फुलं आहेत. पण आपल्याकडच्यासारखाच इथेही डोंगरातला कोरडा उन्हाळा सप्टेंबरपर्यंत लांबतो, आणि तो सरायला लागला की इथे नुसतं वाळकं गवत उरतं म्हणे. आगारप्रमुख साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळं स्वच्छ सांगितलं. गाड्या उभ्या करायला जागा पुरत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी काँक्रीटवाला माप घ्यायला येणार आहे. त्या दिवशी वाफ्यात बघण्यासारखं काही असेल तर वाफा राहील आणि मीही कायम होईन. नसेल तर तिथे दोन बस उभ्या राहतील. मग मी कुठे उभं राहायचं, हे विचारायचा धीर झाला नाही.

दरवर्षी नवी रोपं आणणं परवडणार नाही, म्हणून एकदा लावली की वर्षानुवर्षं फुटणारीच झाडं हवीत. उन्हाळ्याच्या शेवटी फुलतील अशी कुठली निवडू? मला झुबक्यांनी फुलणारा पांढरा फ्लॉक्स फार आवडतो. नर्सरीत तो आहे. पण चुकले तर? माझी शाळा म्हणजे तू आणि आपलं अंगण. इथे कुणी विचारलं की कुठे शिकलात, तर मी 'घरी' म्हणते आणि लोक पुढच्या शब्दाची वाट बघतात.

हे पत्र तपासून परत पाठवलंस तरी चालेल. चुका पेन्सिलीने आणि कौतुक शाईने, नेहमीसारखं.

तुझी,
शिडी

१४ एप्रिल

चि. शिडी,

पत्र तपासलं. शाईने लिहिते आहे यावरून काय ते समज. तरी दोन चुका आहेत. एक म्हणजे पांढरा फ्लॉक्स आणि दुसरी म्हणजे घाबरणं.

पांढरं फूल आपल्या अंगणात शोभतं. डिझेलच्या धुरात दोन दिवसांत त्याचा पायपुसण्याचा रंग होईल. शिवाय उन्हाळा उतरताना ऊन तिरपं पडतं आणि पिवळट होतं. त्या उन्हात फिके रंग विरून जातात आणि विटकरी, पिवळा, जांभळा हे रंग आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. तेव्हा पिवळी रुडबेकिया घे, मध्ये काळा डोळा असतो ना, ती. तांबडा-पिवळा गेलार्डिया घे, त्याला धूळ, ऊन, दुर्लक्ष काहीही चालतं. जांभळा ॲस्टर घे. जाड पानांचं सेडम घे, ते हिरव्याचं गुलाबी होतं आणि गुलाबीचं गंजाच्या रंगाचं, म्हणजे एका झाडात तीन झाडं. आणि शेवंती. शेवंतीशिवाय वाफा म्हणजे काठाशिवाय साडी.

आता मुख्य गोष्ट. नर्सरीत आज जे फुललेलं असेल त्याला हात लावू नकोस. आज फुललेलं सप्टेंबरात थकलेलं असतं. कोपऱ्यात नुसत्या हिरव्या पानांची, कुणी न विचारलेली रोपं असतील, ती उचल. दुकानदार तुला वेडी समजेल. समजू दे.

दोन रोपांत दोन विती अंतर ठेव. मापं सगळी तुला पाठ आहेत. तू सहा वर्षांची असताना माझ्या मागे बादली घेऊन फिरायचीस तेव्हापासून.

आणि जिथे शिकलीस ते 'घर' जरा ताठ मानेने सांगत जा. मास्तरीण अजून जिवंत आहे.

तुझी,
आत्या

२ मे

प्रिय आत्या,

झाडं लावली. नर्सरीत तू म्हणालीस तसंच झालं. फुललेल्या कुंड्यांपाशी लोकांची झुंबड आणि मी कोपऱ्यात मुक्या रोपांपुढे उकिडवी. दुकानदार म्हणाला, "ताई, ती अजून फुललेली नाहीत." मी म्हटलं, "म्हणूनच." मग त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उगीचच एक गेलार्डिया जास्त घेतला. एक कबूल करते. पांढऱ्या फ्लॉक्सच्या कुंडीपाशी मी थोडा वेळ उभी होते. नुसती उभी होते.

दोन विती मोजून अंतर ठेवलं आहे, एकही रोप इकडचं तिकडे नाही. पण वाफा फार विरळ दिसतो गं. पास खिडकीवर एक बाई बसतात, त्यांना सगळे पासबाई म्हणतात. अगदी ठेंगण्या आहेत. खुर्चीवर उशी आणि पायाखाली पालथं खोकं घेतल्याशिवाय त्या खिडकीतून दिसत नाहीत. त्यांनी काचेआडून विचारलं, "तुमच्या झाडांचं आपसात भांडण आहे का हो? एवढी लांब लांब बसवलीत ती."

त्या थट्टेत म्हणाल्या, पण मी पुन्हा एकदा विती मोजून बघितल्या. भोंगा नावाचा एक ड्रायव्हर आहे. तो वाफ्याजवळून गाडी काढताना मुद्दाम हॉर्न देतो आणि म्हणतो, रोपं जागी होतील. सगळे हसतात. मीही हसते, पण नंतर जाऊन मुळं हलली नाहीत ना ते बघते.

ऑगस्टच्या शेवटी तू येशील ना? तू बघितल्याशिवाय मला ते बरोबर वाटणार नाही.

तुझी,
शिडी

१२ मे

चि. शिडी,

हॉर्नने मुळं हलत नाहीत. हललीच तर तुझी हलतील, जपून राहा.

विरळ दिसतो आहे तो दिसू दे, झाडं पसरतात. आता एकच काम महत्त्वाचं आहे, शेंडे खुडणं. शेवंती, ॲस्टर, सेडम, रुडबेकिया, गेलार्डिया, सगळी एकदा गुडघ्याला लागली की शेंड्याची दोन पेरं खुडून टाकायची. एकदाच, आणि मग हात मागे बांधून बसायचं. खुडलं नाही तर झाडं उंच होऊन लोळतात. खुडलं की फांद्या फुटतात, झाड भरतं आणि वेळेवर फुलतं. लहानपणी शेंडा खुडताना तू रडायचीस, झाडाला दुखेल म्हणून. आता रडू नकोस, पगार घेतेस.

ऑगस्टात यायचं बघू. आमच्या जिन्याला यंदा पायऱ्या वाढल्यासारख्या वाटतात. पण बघू.

तुझी,
आत्या

२६ जून

प्रिय आत्या,

एक घोटाळा झाला आहे आणि तो लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जूनच्या सुरुवातीला मला ताप आला. आठवडाभर खोलीतून हलले नाही. पासबाई डब्यातून भात घेऊन यायच्या, तेव्हा मी तापाच्या भरात त्यांना म्हटलं, झाडं गुडघ्याला लागली की शेंडे खुडायचे आहेत, कुणीतरी बघा. त्यांनी खरंच बघितलं. पास काढणाऱ्यांची रांग संपली की त्या खाली उतरायच्या आणि खिडकीकडच्या टोकापासून खुडत जायच्या. वाफ्याचा साधारण तिसरा हिस्सा त्यांनी खुडला. तेवढ्यात मी कामावर परत आले.

येऊन बघते तर बाकीची झाडं अजून माझ्या गुडघ्याच्या खाली होती. म्हणजे बाईंनी घाई केली. त्यांनी डबे आणले होते, म्हणून मी त्यांचे आभारच मानले. उरलेली झाडं मात्र मी नियमाप्रमाणे रोज गुडघा लावून बघत राहिले आणि शेवटचा शेंडा काल खुडला. आता एकच वाफा दोन प्रकारचा झाला आहे. खिडकीकडचं टोक बुटकं आणि दाट, बाकीचा उंच. मला रोज वाटतं की ते टोक वाया जाणार.

ऑगस्टचं नक्की कळव. मी बाईंच्या घरी तुझ्यासाठी खाट सांगून ठेवली आहे.

तुझी,
शिडी

९ जुलै

शिडी,

ऑगस्टात जमणार नाही. तूही इकडे येऊ नकोस, मी घरी नसेन. टोकाची काळजी सोड. पाणी मुळाशी घाल, पानांवर नको. जास्त लिहीत नाही.

आत्या

२० जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. पेन्सिलीने लिहिलेलं.

मी ते उजेडात धरून बघितलं, कुठे शाई आहे का. नाही. 'चि.' नाही, 'तुझी' नाही. मी तुझी विद्यार्थिनी आहे आत्या, मला कळतं. माझं काय चुकलं ते सांग. बाईंवर काम सोपवलं ते चुकलं का? की त्यांनी केलेल्या मदतीला मी मनात नावं ठेवली ते? ते वाईटच होतं. मी त्यांना काल तसं सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, मनातल्या मनात तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त डबा परत करत जा." डबा माझ्याकडेच राहिला होता.

तू घरी नसणार म्हणजे कुठे असणार? तू तर दाराला कुलूप लावायचंही विसरतेस, इतकी घरी असतेस.

मी रोज मुळाशीच पाणी घालते आहे.

शिडी

४ ऑगस्ट

शिडी,

राग नाही. उगीच डोकं शिणवू नकोस. सप्टेंबरचा तुझा तो सोमवार झाला की सविस्तर लिहीन. फुलं आली की रंग कळव, मला इथे पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

आत्या

५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हेही पेन्सिलीने लिहिलंस. तरी तू म्हणतेस राग नाही, म्हणून मी तसंच धरून चालते. पांढऱ्या भिंतीचं मला कळलं नाही. कुणाकडे राहायला गेली आहेस का? हे पत्र घरच्या पत्त्यावरच टाकते, शेजारच्या काकू तुला पोचवतात ना?

काल सोमवार होता. काँक्रीटवाला फीत घेऊन आला. साहेबही आले. आणि वाफ्याचं असं झालं की, पास खिडकीकडचं टोक, जे वाया जाणार म्हणून मी दोन-अडीच महिने झुरत होते, ते नुसतं पेटलं आहे. रुडबेकिया पिवळीधमक, तिच्या पायाशी गेलार्डिया, मागे ॲस्टर, सेडम गुलाबी व्हायला लागलेलं. त्याच्यावर इतक्या मधमाश्या की पास काढायला आलेले लोक सुट्टे पैसे विसरून बघत बसतात. आणि उरलेला सगळा वाफा, जो मी इतका जपून, नियमाने खुडला, तो हिरवागार. नुसत्या कळ्या, तुरीच्या डाळीएवढ्या.

काँक्रीटवाल्याने हौदाकडून मोजायला सुरुवात केली. साहेबांनी मला विचारलं, इथे का नाही फुलं? सांगायला चांगली कारणं सुचत होती, ऊन कमी पडलं, हौदाचं साबणाचं पाणी आलं. पण ती खरी आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. कळ्या आहेत, त्या फुलतील. का उशीर झाला ते मी विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

"माझ्या आत्याला."

साहेबांनी चष्मा वर केला. मी ताठ मानेने म्हटलं की मी घरी शिकले आहे आणि आत्या माझी मास्तरीण आहे. तेवढ्यात पास खिडकीची काच वर सरकली आणि बाई म्हणाल्या, "साहेब, अर्धा सिनेमा झाला नाही तोच उठून जाता का?" रांगेतले लोक हसले. साहेब वाकले, एक कळी दोन बोटांत धरून बघितली आणि काँक्रीटवाल्याला म्हणाले, पुढच्या सोमवारी या.

तेव्हा आता माझा जीव टांगणीला आहे. आत्या, एकाच मातीत, एकाच पाण्यावर असं का झालं? रागावली असलीस तरी एवढं सांग.

शिडी

१० सप्टेंबर

चि. शिडी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी नर्सला बोलावलं.

अगं, तू गुडघा कुणाचा लावलास?

मी तुला शिकवलं तेव्हा गुडघा माझा होता. तुझा चेहरा तेव्हा झाडांच्या उंचीला होता, तुझा गुडघा कोण मोजतो? आणि मी केवढी आहे ते तुला माहीत आहे, तू वाढलीस तशी वरच्या फळीवरचा डबा काढायला मी तुलाच हाक मारायला लागले. आता तू झालीस शिडी. तुझ्या गुडघ्याला लागायला शेवंतीला तीन-चार आठवडे जास्त लागणारच, आणि जेवढ्या उशिरा खुडशील तेवढी फुलं उशिरा. पासबाई माझ्या मापाच्या दिसतात, म्हणून त्यांचं टोक वेळेवर फुललं. आणि वीतसुद्धा तू तुझ्या हाताची घेतलीस ना? मग वाफा विरळ दिसणार नाही तर काय! तू काही चुकली नाहीस. नियम बरोबर पाळलास, फक्त अंगाने मोठी झालीस, आणि ते आपण दोघीही विसरलो. तुला नियम शिकवताना माप कुणाचं हे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.

साहेबांना सांग, आत्या म्हणते की एकही कळी वाया जाणार नाही. थंडी पडेपर्यंत फुलतील.

आता गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर ऐक. माझा उजवा गुडघा मी बदलून घेतला. गेलं वर्षभर तो जिना चढू देत नव्हता. जूनअखेर डॉक्टरांनी तारीख दिली आणि जखम लवकर भरेना म्हणून सगळा ऑगस्ट इथे इस्पितळातच गेला. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी वाफा सोडून इथे माझ्या उशाशी येऊन बसली असतीस आणि तुझ्या जागी दोन बस उभ्या राहिल्या असत्या. म्हणून बोलले नाही.

पेन्सिलीचं म्हणशील तर आधी गुडघ्यावर वजन पडू नये म्हणून घरी आणि मग इथे, मी उताणी पडून लिहीत होते. कागद वर धरला की पेनातली शाई खाली उतरत नाही, पेन्सिल मात्र चालते. तेवढंच कारण. माझं शिकवणं तुझ्या अंगात इतकं भिनलं असेल असं वाटलं नव्हतं. आजही पेन्सिलच आहे, पण 'चि.' लिहिलं आहे, बघ.

तुझीच,
आत्या

१७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आधी रडले, मग खूप चिडले, मग तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं. बाई खोक्यावरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि गुडघ्याला गुडघा लावून बघितला. त्यांचा गुडघा माझ्या पोटरीच्या मध्यावर येतो. हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही? भोंग्याने ते बघून लांब हॉर्न दिला.

पुन्हा माझ्यापासून असलं काही लपवू नकोस. मी घाबरते हे खरं, पण खरं काय ते माहीत नसलं की जास्त घाबरते.

आता वाफ्याचं. साहेबांना मी कारण सांगितलं, आत्याचा गुडघा आणि माझा गुडघा. ते म्हणाले, आमच्या वेळापत्रकात गाड्यांना उशीर होतो त्याची कारणंही इतकी सरळ असती तर बरं झालं असतं. सोमवारी काँक्रीटवाला आला तेव्हा बाईंच्या टोकाच्या पुढची झाडं उमलायला लागली होती. रंग खिडकीकडून हौदाकडे रोज थोडा थोडा पुढे सरकतो आहे, जणू फलाटावरून चालत निघालाय. प्रवासीही त्याच्याबरोबर बाक बदलतात. साहेबांनी काँक्रीटवाल्याला पुन्हा पुढचा सोमवार दिला. तो म्हणाला, साहेब, मी येतो नुसतं फुलं बघायला, फीत घरी ठेवतो.

सगळं एकदम फुललं असतं तर एव्हाना अर्धं उतरलं असतं. आणि तू अजून काही बघितलेलं नाहीस. चालता येतं का तुला? डॉक्टर काय म्हणतात? हौदाकडची शेवंती अजून मुठी मिटून बसली आहे. मी तिला काही सांगत नाही, पण रोज बघते.

तुझी,
शिडी

१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

बाईंच्या घरच्या खाटेखाली तुझी काठी राहिली. बस सुटल्यावर लक्षात आलं. आता तू काठीशिवाय जिना कसा चढलीस? मी ती उद्याच पाठवते.

तू बसमधून उतरलीस, तेव्हा भोंग्याने हॉर्न दिला नाही, बघितलंस? तू पहिल्या पायरीवर थांबलीस, तेव्हा सगळं आगार थांबलं होतं. मग तू वाफ्याच्या कडेकडेने खिडकीपासून हौदापर्यंत गेलीस, तांबूस झालेल्या सेडमपासून नुकत्या उघडलेल्या शेवंतीपर्यंत, आणि मला हात धरू दिला नाहीस. मी मागे बादली घेऊन चालत होते. का घेतली होती माहीत नाही, त्यात काही नव्हतं.

तू गेल्यावर साहेबांनी बोलावलं. काँक्रीट आता कार्यशाळेच्या मागे होणार. माझा कायमचा कागद निघाला आहे. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी वाफा पुन्हा असाच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुलवता येईल का? मी म्हटलं, विचारून सांगते. ते म्हणाले, हो, ते माहीत आहे.

तुझी,
शिडी

२३ ऑक्टोबर

चि. शिडी,

शाई बघितलीस? टेबलाशी बसून लिहिते आहे, दोन्ही पाय जमिनीवर.

काठी पाठवू नकोस. ती राहिली नाही, ठेवली. तिच्यावर मी चाकूने एक खाच पाडली आहे, नीट बघ. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. डॉक्टरांनी गुडघा नवा बसवला, पण उंची तीच आहे, मी विचारून घेतलं. काठी वाफ्यात, पास खिडकीच्या टोकाला रोव. पुढच्या उन्हाळ्यात झाडं त्या खाचेला लागली की तिथली खुड.

पण तेवढीच. मधली पाच-सहा दिवस थांबून खुड. आणि हौदाकडची सगळी तुझ्या गुडघ्याने.

पुढच्या वर्षीही मी ऑक्टोबरातच येणार आहे. मला चालत यायला वेळ लागतो.

तुझी,
आत्या